चेलोवर बाख, चेलोवर राग

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त परदेशात असते. तिकडे ती चेलोच्या एकल वादनाला गेली होती आणि त्याचं चित्रीकरण तिने मला पाठवलं. पूर्वार्धात बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं संगीत होतं. उत्तरार्धात आजच्या संगीतकारांनी आपल्या रागांवरून लिहिलेल्या रचना होत्या, एकीला तबल्याची साथही होती. मी इथल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. पाश्चात्त्य संगीत मला कळत नाही, तरी यातलं काहीच परकं वाटलं नाही. बाख ऐकताना तर मागे कुठेतरी तंबोरा वाजतोय असं सारखं वाटत होतं. हा माझा भ्रम की त्यात काही तथ्य आहे? आणि असं दोन संगीतांचं मिश्रण खरोखर होतं, की दोन गोष्टी नुसत्या शेजारी मांडलेल्या असतात?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : तुमच्या कानाने तुम्हाला फसवलेलं नाही. बाखच्या त्या संगीतात तंबोऱ्याचा अंश खरोखरच आहे. मात्र तो काही वेळ असतो, मग नाहीसा होतो आणि पुन्हा येतो. तो कुठे असतो आणि कुठे नसतो हे कळलं, की मिश्रणाबद्दलच्या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही निम्मं उत्तर मिळतं. म्हणून सुरुवात वाद्यापासून करू.

तंबोऱ्याचा भास का झाला?

चेलो हे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते दोन गुडघ्यांच्या मध्ये धरतो. समोरची पाटी स्प्रूसच्या लाकडाची, मागची मेपलची. घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या गजाला राळ लावून तो तारांवरून ओढायचा. तारा चारच, आणि प्रत्येक तार खालच्या तारेचा पंचम. म्हणजे सगळं वाद्य षड्ज-पंचम भावात लावलेलं.

आता तुमच्या पेटीच्या भाषेत सांगतो. पांढरी पाच हा षड्ज धरा. मग चेलोच्या चार मोकळ्या तारा खालून वर अशा बसतात : मध्यम, षड्ज, पंचम आणि वरचा रिषभ. मधल्या दोन तारा म्हणजे सरळ सा आणि प. तुमच्या मुलीने पाठवलेल्या मैफलीची सुरुवात बाखच्या पहिल्या सूटने (सूट म्हणजे अनेक भागांची रचना; चेलोसाठी त्याने असे सहा लिहिले) झाली असेल, आणि अशा मैफलींची सुरुवात बहुधा त्यानेच होते, तर तो सूट नेमका पांढऱ्या पाचमध्ये आहे. त्यातला पहिला भाग, प्रेल्यूड, याच दोन मोकळ्या तारांवरून उठतो. शिवाय चेलोवर एखादा स्वर अचूक लागला, की तोच स्वर असलेली शेजारची मोकळी तार हात न लावता झंकारते, सतारीच्या तरफांसारखी. तुम्हाला जी आस ऐकू आली ती इथून आली.

तरीही चेलो म्हणजे तंबोरा नव्हे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिली असेल, तर फरक लगेच कळेल. तंबोऱ्याची घोडी रुंद असते. तिच्या पृष्ठभागाला इतका हलका बाक दिलेला असतो की तार तिला घासत घासत कंप पावते. वर सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली, की एका तारेतून स्वरांची सगळी माळ ऐकू येते. चेलोची घोडी पातळ आणि उभी. तिचं काम तारेचा कंप खालच्या पाटीला पोचवणं एवढंच. त्यामुळे चेलोचा स्वर गोल, भरीव आणि मानवी गळ्याच्या जवळचा येतो, पण त्यात जवारीचा झणकार नसतो. रागावरून चेलोसाठी रचना करणारे अनेक जण तंबोऱ्याची साथ मुद्दाम घेतात, त्याचं एक कारण हेच आहे.

बाख आणि त्याचा काळ

युरोपच्या संगीतात साधारण १६०० ते १७५० या काळाला बरोक काळ म्हणतात. शिवजन्माच्या आधीच्या तीस वर्षांपासून थेट नानासाहेब पेशव्यांपर्यंतचा हा काळ. योहान सेबास्टियन बाख १६८५ मध्ये जन्मला आणि १७५० मध्ये वारला. चेलोसाठीचे सहा सूट त्याने १७२० च्या आगेमागे, क्यॉथेन इथल्या दरबारात चाकरीला असताना लिहिले असं मानतात. याच सुमारास दिल्लीत मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारी सदारंग ख्याल रचत होते. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. पण दोघांच्याही संगीतात एका सुरावटीतून सगळी इमारत उभी करण्याची ओढ होती.

या सहा सूटांचं बाखच्या हातचं हस्तलिखित आज उरलेलं नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिने करून ठेवलेल्या नकलेमुळे आपल्यापर्यंत ते नीट पोचले. पुढे दीर्घकाळ लोक त्यांच्याकडे हात तयार करायचे पाठ म्हणूनच पाहत राहिले. १८९० मध्ये पाब्लो कासाल्स या तेरा वर्षांच्या मुलाला बार्सिलोनातल्या एका दुकानात त्यांची छापील जुनी प्रत सापडली. वर्षानुवर्षं मेहनत करून त्याने ते मैफलीत आणले आणि १९३६ ते १९३९ या काळात सहाही सूट ध्वनिमुद्रित केले. आज जगातला प्रत्येक चेलोवादक त्यांच्यावर आयुष्यभर रियाज करतो.

प्रत्येक सूटमध्ये एक प्रेल्यूड आणि त्यामागून नाचांचे पाच भाग असतात. प्रेल्यूडचा मूळ हेतू आपल्या आलापाच्या बराच जवळचा. वाद्य सुरात आहे ना हे पाहायचं, पुढे येणाऱ्या संगीताचा मुख्य स्वर श्रोत्याच्या कानात बसवायचा आणि त्या स्वराभोवती फिरून यायचं. पुढचे नाच प्रत्यक्ष नाचण्यासाठी नाहीत, पण प्रत्येकाची चाल ठरलेली. साराबांद हा त्यांतला सर्वांत संथ. तो तीन मात्रांचा असतो आणि त्याचं वजन बहुधा दुसऱ्या मात्रेवर पडतं. प्रत्येक नाचाचे दोन खंड, आणि प्रत्येक खंड दोनदा वाजवायचा. दुसऱ्या फेरीत वादकाने मुरक्या आणि कंप यांची आपल्या मनाने भर घालावी अशी त्या काळची रीत होती. म्हणजे कागदावर लिहिलेल्या संगीतातही उपज होती. ती पुढच्या शतकांत कमी होत गेली.

एक प्रयोग घरी करून पाहा

तंबोरा किंवा मोबाइलमधला तंबोरा पांढऱ्या पाचमध्ये लावा आणि त्यावर पहिल्या सूटचं प्रेल्यूड ऐका. (काही वादक जुन्या पद्धतीने आतड्याच्या तारा लावतात आणि वाद्य अर्धा स्वर उतरवून वाजवतात. तसं ध्वनिमुद्रण असेल तर तंबोरा काळी तीनमध्ये लावा.)

पहिल्या चार ओळी, म्हणजे त्यांच्या भाषेतले चार बार, तंबोऱ्याला अगदी चिकटून जातात. कारण प्रत्येक वेळी सर्वांत खाली तोच षड्ज वाजतो आणि वरचे स्वर तेवढे बदलतात. त्यानंतर तंबोरा हळूहळू खटकू लागेल. थोड्याच वेळात तीव्र मध्यम डोकावेल. आपल्याकडे तीव्र मध्यम आला की आपण राग कुठला ते शोधू लागतो. बाखचा हेतू वेगळा आहे. तो षड्जच हलवतो आहे. पंचमाला नवा षड्ज करायचा, तर जुना तीव्र मध्यम हा नव्या षड्जाचा शुद्ध निषाद होतो. मूर्च्छना करून दाखवणाऱ्या गायकाची बढत ऐकली असेल, तर ही युक्ती ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की आपल्याकडे मूर्च्छना क्षणभर दाखवून गायक घरी परततो, तंबोरा तर जागचा हलतच नाही. बाखच्या संगीतात मात्र असं घर बदलत राहणं हाच प्रवास आहे.

आणि शेवट ऐकाच. तिथे बाख पंचम धरून बसतो. एक हात पेटीच्या पंचमावर ठेवावा आणि दुसऱ्याने पांढऱ्या-काळ्या सगळ्या पट्ट्या ओळीने चढत जाव्यात, तसे स्वर त्या पंचमाच्या आधाराने वर सरकतात. ताण वाढत जातो आणि मग सगळं एकदम षड्जावर उतरतं. या क्षणी तुमचा तंबोरा पुन्हा बाखशी जुळलेला असेल. प्रेल्यूड जेमतेम दोन-अडीच मिनिटांचं आहे. तेवढ्यात दोन्ही संगीतांचं नातं आणि अंतर दोन्ही कानाने कळतं.

पाचव्या सूटमध्ये आणखी एक ओळखीची गोष्ट सापडेल. पंचम वर्ज्य असलेल्या रागासाठी आपण तंबोऱ्याची पहिली तार मध्यमावर किंवा निषादावर लावतो. बाखनेही तिथे चेलोची सर्वांत वरची तार एक स्वर खाली उतरवायला सांगितली आहे.

चेलोवर राग वाजतो का?

उत्तम वाजतो. चेलोला पडदे नसतात. बोट तारेवरून कुठेही सरकतं, त्यामुळे मींड, आंदोलन, कणस्वर हे सगळं त्यावर निघतं. पेटीवाल्याला जे कधीच साधत नाही ते इथे सहज हाताशी असतं.

हे वाजवून दाखवणारे लोकही आहेत. नॅन्सी लेश कुलकर्णी या अमेरिकन चेलोवादक भारतात आल्या आणि डागर घराण्यातले बीनकार झिया मोहिउद्दीन डागर व त्यांचे धाकटे बंधू गायक झिया फरीदुद्दीन डागर यांच्याकडे शिकल्या. ध्रुपदातला संथ आलाप त्यांनी चेलोवर उभा केला. नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास या हरिप्रसाद चौरसिया यांच्या शिष्या. त्यांनी वाद्यातच बदल करून घेतला : आकार लहान केला, पाचवी तार वाढवली आणि खाली तरफा बसवल्या. त्या मांडी घालून जमिनीवर बसून वाजवतात. पाचव्या तारेची गरज बाखलाही वाटली होती. त्याचा सहावा सूट पाच तारांच्या वाद्यासाठीच लिहिलेला आहे.

परदेशी वाद्यात आपलं संगीत मुरवण्याची ही परंपरा तुमच्या पंचक्रोशीला नवी नाही. विट्याहून फार लांब नसलेल्या औंधला अंतुबुवा जोशी संस्थानचे दरबारी गायक होते. त्यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव आजही भरतो. त्यांचे चिरंजीव पंडित गजाननबुवा जोशी मोठे ख्यालगायक, आणि हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या काही वादकांपैकी एक. व्हायोलिन पूर्ण आपलं झालं ते गजाननबुवांसारख्यांनी गायकी त्यात उतरवली म्हणून. चेलो हा त्याच घरातला मोठा भाऊ. त्याला तसा गायक-वादक अजून पुरेसा मिळालेला नाही, एवढंच.

स्वरांच्या सूक्ष्म जागांचा अभ्यासही याच भागात झाला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश श्रुतींची मापं घेत होते. त्यासाठी गात होते उस्ताद अब्दुल करीम खाँ, ज्यांची कबर मिरजेत आहे. श्रुतींची पेटीही त्या वेळी बनवून घेतली गेली. पेटीला बावीस श्रुती दाखवायच्या तर तिची यंत्रणाच बदलावी लागते. चेलोला काहीच बदलावं लागत नाही, फक्त वादकाचा कान तयार लागतो.

आणि चेलो तुम्ही आजवर ऐकला नाही असंही नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत तो अनेक वर्षं वाजला. त्यात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा. राहुल देव बर्मन यांचे सहायक म्हणून बासू-मनोहारी ही जोडी प्रसिद्ध आहे. त्यांतले बासू चक्रवर्ती चेलोवादक होते. जुन्या गाण्यांत व्हायोलिनच्या ताफ्याखाली जो गडद, लांब स्वर वाहतो तो बहुतेक वेळा चेलोचा असतो.

मिश्रण की मुलामा?

आता तुमचा खरा प्रश्न. विट्याच्या माणसाला हे गलाईच्या भाषेत सांगावंसं वाटतं. देशभरातल्या सराफपेठांत सोनं-चांदी गाळणाऱ्या तुमच्या गाववाल्यांना मुलामा कुठला आणि आत मुरलेला धातू कुठला, हे मुशीत टाकल्यावर कळतं. अशा रचनेलाही एक मूस आहे, आणि ती म्हणजे तिचा वेळ. रागाची सुरावट घेतली, मागे तबला लावला आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं, तर पहिल्या मिनिटाला छान वाटतं आणि पाचव्या मिनिटाला रचना रिकामी पडते.

जिथे मिश्रण खरं असतं तिथे तीन गोष्टी ऐकू येतात. पहिली, स्वर कसा लागतो. गंधार नुसता वाजला की रिषभाचा कण घेऊन आला, यात राग असतो. संगीतकाराने हे लिहिलंय का आणि वादकाने ते कमावलंय का, ते पाहा. दुसरी, षड्जाचं काय केलंय. तो स्थिर ठेवला असेल तर रचनेला बढत हवी, आणि हलवला असेल तर त्या हलण्याला कारण हवं. तिसरी, लय. ठेका नुसता मागे चालतोय, की चेलोची वाक्यं समेकडे ओढ घेतायत? या तीनही गोष्टी भजनात वाढलेल्या कानाला कळतात. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपी यायला लागत नाही.

असं काम निष्ठेने करणारे संगीतकार आहेत. शिरीष कोरडे यांचा जन्म युगांडातल्या भारतीय कुटुंबातला. अमेरिकेत अध्यापन करत त्यांनी राग आणि ताल यांचा विचार पाश्चात्त्य वाद्यांत नेला. त्यांच्या रचनांत चेलोला मानाचं स्थान आहे. भारतीय वंशाच्या रीना इस्माईल अमेरिकेत शिकल्या आणि मग हिंदुस्थानी संगीत शिकण्यासाठी भारतात येऊन राहिल्या. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर मुंबईत मेहली मेहतांकडे व्हायोलिन शिकून लंडनला गेले आणि जन्मभर याच वाटेने चालले.

मुंबईत वनराज भाटिया होते. लंडन आणि पॅरिसला शिकून आलेला हा माणूस आपल्याला ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ यांच्या संगीतामुळे माहीत आहे. पण मैफलीत वाजवण्यासाठीच्या त्यांच्या रचना फार थोड्यांनी ऐकल्या. जानेवारी २०१९ मध्ये विख्यात चेलोवादक यो-यो मा जगातल्या ३६ ठिकाणी बाखचे सहाही सूट वाजवण्याच्या आपल्या उपक्रमात मुंबईला आले, आणि त्याच महिन्यात मुंबईत त्यांनी भाटियांची ‘रेव्हरी’ ही रचनाही वाजवली. भाटिया तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते, २०२१ मध्ये ते गेले. बाख आणि आपला संगीतकार एकाच चेलोवर, एकाच शहरात : तुमच्या मुलीने परदेशात जे ऐकलं ते महाराष्ट्रातही घडलेलं आहे.

माझं मत विचाराल तर, बाख आणि रागावरच्या रचना एका मैफलीत ठेवण्याला पक्का आधार आहे : मोकळ्या तारांचा षड्ज-पंचम, प्रेल्यूडमधला आलापाचा अंश आणि पडद्यांशिवायची तार. पण दोन्ही संगीतं एकच आहेत असं सांगून ती विकणं चूक आहे. बाखचा षड्ज प्रवासाला निघतो, आपला षड्ज जागेवर बसून सगळं जग दाखवतो. चांगली मैफल हा फरक लपवत नाही.

ऐकायचं कुठे?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, चेलोचे कार्यक्रम होतात. २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं घरही तेच. जुन्या गोव्यातल्या डोंगरावरच्या चॅपेलमध्ये भरणाऱ्या मोंती संगीत महोत्सवात पाश्चात्त्य आणि भारतीय अभिजात संगीत एकाच व्यासपीठावर येतं.

पण तुमच्या भागातल्या संगीत मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या गावात तार कशी बोलते हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने जाणणारे कारागीर आहेत, त्या गावात चेलोवादकाला एकदा बोलवा. पूर्वार्धात बाखचा एक सूट, उत्तरार्धात एक राग, आणि मध्ये जवारी आणि चेलोची घोडी यांवर कारागीर आणि वादक यांच्यात अर्धा तास गप्पा. खर्च एका साध्या मैफलीएवढाच येईल. असा कार्यक्रम ठरला तर तुम्ही विट्याहून तुमचं सगळं भजनी मंडळ घेऊन जा, आणि तोवर घरचा तंबोरा पांढऱ्या पाचमध्ये लावून बाख ऐकत राहा.